सेवासंस्थांच्या व्यवस्थापकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण : वर्षाचं वेळापत्रक बसवायचं आहे (इंदूर)

रामबाग_कोपरा
इंदूरमधल्या तीन छोट्या संस्था मिळून कार्यालय सांभाळणाऱ्या लोकांसाठी वर्षाचं प्रशिक्षण ठरवत आहेत. एक वृद्धाश्रम, एक बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा, एक बालगृह. माणसं सहा : दोन अधीक्षक, एक मुख्याध्यापिका, दोन हिशेबनीस, एक सचिव. आठवड्याला माणशी तीन तासांपेक्षा जास्त निघणार नाहीत. पैसे तिघांचे मिळून वर्षाला २०,००० रुपये. दोन ठिकाणी एकेकच कॉम्प्युटर आहे.

पुण्या-मुंबईकडचे मराठी वेबिनार बरेच दिसतात, त्यांतले घ्यावेत का? प्रमाणपत्र कुठलं चालतं? आणि सगळ्यांना सगळं शिकवायचं की वाटून द्यायचं? शिक्षणाचं महत्त्व वगैरे सगळ्यांना मान्य आहे, ते सोडून लिहा.

खतावणी
कोर्स शोधायला बसू नका अजून. आधी एक फुलस्केप घ्या, डावीकडे सहा पदं लिहा आणि उजवीकडे ते पद वर्षभरात कशाकशावर सही करतं ते लिहा. हिशेबनीस : देणगीच्या पावत्या, टीडीएस, ऑडिटरला द्यायची पत्रकं, परदेशी निधी असेल तर एफसी-४ चा (त्या निधीच्या वार्षिक विवरणाचा) मसुदा. सचिव : सभेचं इतिवृत्त, कार्यकारिणीची यादी, बँकेचे ठराव. बालगृहाचा अधीक्षक : मुलांचं हजेरीपुस्तक, बालकल्याण समितीकडे जाणारे अहवाल. मुख्याध्यापिका : शिक्षकांची नोंदणी-कागदपत्रं, पालकांची संमतीपत्रं.

मग प्रत्येक सहीपुढे लिहा, चुकली तर काय होतं. दंड, नोंदणी जाणं, अनुदान अडकणं, की नुसतं बोलणं खाणं. ज्या सहीला सगळ्यात जड परिणाम, त्याचा कोर्स आधी. ‘नेतृत्वगुण’, ‘टीम बिल्डिंग’ आपोआप तळाला जातात, आणि तिथेच बरे.

वाटूनच द्या. दोघांनी तोच कोर्स करायचा तो फक्त बदली माणूस लागतो अशा कामांसाठी. हिशेबनीस आजारी पडला तर सही कोण करणार, त्याला.

सत्ताईस_अठ्ठाईस
पुण्या-मुंबईच्या वेबिनारबद्दल सावध राहा. सांगणारे चांगले असतात, पण ते महाराष्ट्राचा कायदा सांगतात. धर्मादाय आयुक्त, कलम २२, चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याची नोंद) ९० दिवसांत, परिशिष्टं, या सगळ्यात दोन तास जातात आणि आपल्याकडे त्यातलं काही लागू नाही. मध्य प्रदेशात धर्मादाय आयुक्त हे पदच नाही.

इथे दोन वाटा आहेत. संस्था सोसायटी म्हणून नोंदलेली असेल तर मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३, आणि कार्यालय फर्म्स व संस्थांच्या रजिस्ट्रारचं. वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर ४५ दिवसांत कार्यकारिणीची यादी (कलम २७) आणि तपासलेला हिशेब (कलम २८). इथले लोक यालाच ‘सत्ताईस-अठ्ठाईस भरलं का?’ असं विचारतात. सभाच वेळेवर झाली नाही तर पुढचं सगळं घसरतं, म्हणून सचिवाने शिकायची पहिली गोष्ट सभेची तारीख ठरवणं ही.

संस्था सार्वजनिक न्यास असेल तर मध्य प्रदेश लोक न्यास अधिनियम १९५१, आणि रजिस्ट्रार म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर. प्रत्यक्षात काम एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) कोर्टात चालतं. एक फरक लक्षात ठेवा, कारण मराठी वेबिनारमध्ये हाच उलटा शिकला जातो : न्यासाची शेतजमीन भाडेपट्ट्याने द्यायची तर महाराष्ट्रात दहा वर्षांपुढे पूर्वपरवानगी लागते, इथे सात वर्षांपुढेच लागते. इमारत किंवा बिगरशेती जागेला दोन्हीकडे तीन वर्षं.

म्हणजे नोंदणी-कायद्याचा भाग इथल्याच माणसाकडून, हिंदीतून घ्या. केंद्राचे कायदे (आयकर, परदेशी निधी, बालन्याय, दिव्यांग, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ) पुण्याहून मराठीत ऐकायला काही हरकत नाही.

स्नेहलतागंज
+१. एक पुस्ती. वेबिनारच्या जाहिरातीत ‘ट्रस्ट आणि सोसायटी कायदा’ एवढंच असेल तर आयोजकांना आधी फोन करून विचारा, कुठल्या राज्याचा? गप्प झाले तर पैसे भरू नका.

रामबाग_कोपरा
आमच्याकडे दोन सोसायट्या आणि एक न्यास आहे, म्हणजे दोन्ही लागतील. शाळेच्या मुख्याध्यापिकेला ‘सीआरई पॉइंट’ हवेत असं म्हणतात. ते सगळ्यांनाच घ्यावे लागतात का?

रजिस्टर_नं_४
नाही. सीआरई म्हणजे कंटिन्युइंग रिहॅबिलिटेशन एज्युकेशन. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत ज्यांचं नाव आहे त्यांनाच ते लागतात : विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ वगैरे. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाला पाच वर्षांत १०० पॉइंट धरतात, म्हणजे वर्षाला २० जमवत गेलं की धावपळ नाही. मुख्याध्यापिका स्वतः नोंदणीकृत विशेष शिक्षिका असतील तर त्यांना हवेत. वृद्धाश्रमाच्या अधीक्षकाला, हिशेबनिसाला त्यांचा काही उपयोग नाही.

फसतं कुठे ते सांगते. ‘सीआरई दर्जाचं प्रशिक्षण’ असं लिहिलेलं म्हणजे सीआरई नव्हे. कार्यक्रमाला परिषदेची आधीची मंजुरी हवी आणि प्रमाणपत्रावर मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि पॉइंट तिन्ही छापलेले हवेत. तिन्हींपैकी एक नसेल तर ते प्रमाणपत्र भिंतीला लावा, नूतनीकरणाला लावू नका. मंजुरी कुठल्या विषयासाठी आहे तेही बघा. आणि सीआरआर क्रमांक (त्या केंद्रीय नोंदवहीतला आपला क्रमांक) नोंदणी फॉर्ममध्ये चुकवू नका. एक आकडा चुकला की पॉइंट दुसऱ्याच्या नावावर किंवा कुठेच नाही, आणि नंतर ईमेलांवर ईमेल.

मुख्याध्यापिका म्हणून मात्र त्यांचं खरं काम दुसरं आहे : शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाची नोंदणी कधी संपते ते एका तक्त्यात ठेवणं. पाच शिक्षक, पाच तारखा. तारीख संपण्याआधी वर्षभर लाल शाई. पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय काम करण्याला मनाई आहे, त्यामुळे तक्ता नुसता शोभेचा नाही.

छप्पन_दुकान
मुख्याध्यापिकांच्या यादीत दिव्यांग हक्क कायदा २०१६ पण घाला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात होती. अजून सातच शिकवणारी पीपीटी फिरते आहे. आणि मुलं अठराची होऊ लागली की पालकत्वाचा प्रश्न येतो : राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे जातो, अध्यक्ष कलेक्टर. तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांपुरता आहे, २१ ना नाही. हे दोन आकडे हमखास एकमेकांत मिसळतात.

खतावणी
हाच धागा पकडून. रेकॉर्ड केलेल्या कोर्सची पहिली अडचण शिळेपणा ही आहे. व्हिडिओखालची तारीख बघून कळत नाही, जुनंच पुन्हा चढवतात. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा, किंवा नमुना व्हिडिओत शोधा :

परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च किती टक्क्यांपर्यंत? ‘५०’ म्हणाले तर रेकॉर्डिंग सप्टेंबर २०२० च्या आधीचं. आता २० आहे.

दत्तकविधानाचा आदेश कोण देतं? ‘न्यायालय’ म्हणाले तर जुनं. १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी देतात.

जुन्या आयकर कायद्यात न्यासाचा ऑडिट अहवाल कुठल्या फॉर्ममध्ये? ‘१०बी’ म्हणून थांबले तर २०२३ आधीचं. तेव्हापासून १०बी आणि १०बीबी असे दोन झाले. ढोबळ मानाने सवलती धरण्याआधीचं उत्पन्न पाच कोटींच्या वर असेल किंवा परदेशी निधी आला असेल तर १०बी, बाकीच्यांना १०बीबी. परदेशी निधी पाच हजारांचा असला तरी १०बी, इथे छोट्या संस्था चुकतात.

चौथा : ‘असेसमेंट इयर’ म्हणतात की ‘टॅक्स इयर’? नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात प्रीव्हियस इयर-असेसमेंट इयर ही जोडीच गेली. १२ए (संस्थेची आयकर नोंदणी), ८०जी (देणगीदाराची सवलत) हे आकडे तोंडात बसलेत, पण नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत आणि नोंदणीकृत ना-नफा संस्थांचा भाग स्वतंत्र आहे. या विषयावर १ एप्रिल २०२६ च्या आधीचं रेकॉर्डिंग संकल्पना समजायला वापरा, फॉर्म भरायला नको.

हिशेबनिसांसाठी दर वर्षी दोन तास जिवंत सत्र घ्या, सीए समोर हवा. रेकॉर्डिंगवर वाचवलेले पैसे पुढे विलंबशुल्कात जातात. देणगीदारांचं विवरण, जुन्या कायद्यातलं १०बीडी, ३१ मेपर्यंत. चुकलं तर रोजचे २०० रुपये.

बिनसाखरेचा_चहा
मी थोडं उलट बोलतो. सहा माणसं, तीन तास आठवड्याला, म्हणजे वर्षाकाठी नऊशे तास. एवढं ‘कोर्स’ म्हणून भरायची गरज काय? प्रमाणपत्रांचा गठ्ठा होतो आणि पावतीबुकावर पॅन लिहायचं तसंच राहतं. त्यापेक्षा दर शुक्रवारी तासभर कायद्याचं एक कलम मुळातून वाचा. मूळ कायदे सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत.

सत्ताईस_अठ्ठाईस
मूळ वाचणं उत्तमच, पण पहिल्या वर्षी हिशेबनिसाला एफसीआरएचा (परदेशी निधीच्या कायद्याचा) नियम ५ वाचायला दिला तर तो झोपेल. त्यात प्रशासकीय खर्च म्हणजे काय ते आहे : कार्यकारिणीचं मानधन, कार्यालयाचं भाडं, लेखनसाहित्य, वकिलाची फी. शिकवणाऱ्याचा, क्षेत्रात काम करणाऱ्याचा, डॉक्टरचा पगार त्यात येत नाही. हे कुणीतरी उदाहरणाने सांगितलं की अर्ध्या तासात डोक्यात बसतं. मग नियम वाचायचा.

असंच एक चुकीचं शिकवलं जाणारं, सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल : ‘सीएसआरच्या पैशातून संस्थेला ५ टक्केच प्रशासन खर्च दाखवता येतो.’ वेबिनारमध्ये सर्रास सांगतात. नियमांतली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्याचा, त्यावर देखरेख करण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. संस्थेला किती द्यायचं ते करारात ठरतं. हे माहीत नसलं की सचिव वाटाघाटीच्या टेबलावर आपणहूनच पाच टक्के बोलून मोकळा होतो.

बिनसाखरेचा_चहा
हे बरोबर. पण प्रमाणपत्राबद्दलचं माझं म्हणणं कायम.

रजिस्टर_नं_४
प्रमाणपत्राचा उपयोग एकच, तपासणीला येणारे प्रशिक्षणाची नोंद विचारतात. त्याला गठ्ठा लागत नाही, एक रजिस्टर पुरतं. आठ रकाने : तारीख, विषय, आयोजक, तास, थेट की रेकॉर्डेड, कोणी केलं, प्रमाणपत्र कुठल्या फाइलमध्ये, आणि आठवा, ‘कार्यालयात काय बदललं’. सातवा रकाना तपासणीवाल्यांसाठी, आठवा आपल्यासाठी.

नवी_घंटा
फुकट आणि दर्जेदार हवं असेल तर स्वयम् (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ) बघा, ९ जुलै २०१७ पासून चालू आहे. व्यवस्थापन, हिशेब, समाजकार्य, मानसशास्त्र, सगळं असतं. आपल्या देवी अहिल्या विद्यापीठाचं ईएमआरसीही शैक्षणिक व्हिडिओ बनवणाऱ्या केंद्रांतलं एक आहे, म्हणजे काही गोष्टी घरच्याच.

त्यातले एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे) कोर्स घेतले तर गणित असं : शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला साधारण १,००० रुपये, आणि परीक्षा घरून नाही, केंद्रावर जाऊन. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. एकात ४०-४५ मिळवून भरपाई होत नाही. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारांपैकी उत्तम आठ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्सला उत्तम सहा. म्हणजे एखाददुसरा आठवडा बुडाला तरी चालतं. पण बुडवायचे आठवडे आधीच राखून ठेवा : जानेवारीच्या तुकडीत रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), जुलैच्या तुकडीत अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक). त्या आठवड्यांत इंदुरात कोणी असाइनमेंट देणार नाही हे गृहीत धरा.

हिशेबनिसाला बारा आठवड्यांचा देऊ नका. जुलैत सुरू झालेला कोर्स ऑडिटच्या अंगावर येतो, जानेवारीतला मार्चअखेरीच्या. त्याला जुलैत सुरू होणारा चार किंवा आठ आठवड्यांचाच.

छप्पन_दुकान
आयगॉट कर्मयोगीचं कोणी सुचवण्याआधी : ते सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आहे, नोंदणी खात्याकडून होते. बालगृहात सरकारी नियुक्तीवर कोणी असेल तर त्याने जरूर करावं, बाकीच्यांनी लॉगिनच्या मागे दोन दिवस घालवू नयेत.

पाळणा_ते_पाटी
बालगृहाच्या अधीक्षकासाठी इंदूरला घरचंच दार आहे. महिला-बालविकास मंत्रालयाच्या राष्ट्रीय संस्थेचं (पूर्वीचं निपसिड, २०२५ मध्ये नाव सावित्रीबाई फुले यांचं दिलं) प्रादेशिक केंद्र इंदुरात आहे. बालसंरक्षणातल्या लोकांचं प्रशिक्षण हा त्यांच्या कामाचाच भाग. संस्थेच्या लेटरहेडवर, अधीक्षकाचं पद आणि बालगृहाचा नोंदणी क्रमांक घालून लेखी विचारा. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेचं ‘संवाद’ आहे, बालगृहातल्या लोकांना समोर ठेवून केलेलं.

आता काय शिकायचं. कायद्याची पाठांतरं नकोत, चार प्रसंग घ्या आणि प्रत्येकात घड्याळ लावा.

रात्री ११ वाजता पोलीस मूल घेऊन आले. कुठलं रजिस्टर, कोणाला फोन, बालकल्याण समितीपुढे कधी? (२४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून.)

मूल म्हणालं, बाहेरच्या कोणी हात लावला. पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारक आहे, ‘आधी विश्वस्तांना विचारतो’ ही पळवाट नाही. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा.

तपासणी पथक आलं. बालन्याय कायद्याच्या नमुना नियमांत सात मुलांमागे एक शौचालय, दहा मुलांमागे एक न्हाणीघर आहे. ५० मुलं असतील तर आठ आणि पाच. मोजून ठेवा, बंद पडलेलं धरू नका.

नोंदणी संपत आली. बालन्याय कायद्याच्या कलम ४१ ची नोंदणी पाच वर्षांची. विनानोंदणी चालवणं म्हणजे कलम ४२ : एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखाहून कमी नसलेला दंड, किंवा दोन्ही.

ऑनलाइन प्रशिक्षणाचा एक धोका लिहितेच. ‘केस प्रेझेंटेशन’ म्हणून अधीक्षक स्वतःच्या बालगृहातल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा स्क्रीनवर दाखवतात, आणि शंभर जण स्क्रीनशॉट काढतात. याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. नाव बदलून भागत नाही. गाव, शाळा, भावंडांची संख्या, घटनेची तारीख यांतूनही ओळख पटते. मागच्या भिंतीवरचा मुलांच्या नावांचा तक्ता तर नेहमीच दिसतो. बैठकीला बसताना कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे वळवा.

रामबाग_कोपरा
ताई, हा मागच्या तक्त्याचा मुद्दा लगेच घेतला. आणखी एक. आमच्या एका विश्वस्तांनी ‘ह्यूमन सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ची अमेरिकन ऑनलाइन प्रमाणपत्रं सुचवली आहेत, ‘४ सीईयू’ वगैरे. घ्यावी का?

नवी_घंटा
आधी एककं समजून घ्या. एक सीईयू (सतत-शिक्षणाचं एकक) म्हणजे दहा संपर्क-तास. ‘४ सीईयू’ म्हणजे ४० तास, ‘४ सीई’ म्हणजे बहुधा चारच. जाहिराती ही गल्लत दुरुस्त करायला धावत नाहीत.

दुसरं, ती पद्धत तिकडच्या परवान्याभोवती बांधलेली आहे. तिथे प्रत्येक राज्याचं मंडळ समाजकार्यकर्त्यांना नूतनीकरणासाठी तास ठरवून देतं, आणि एएसडब्ल्यूबी ही मंडळांची संघटना प्रशिक्षण देणाऱ्यांना मान्यता देते. नर्सिंग होम चालवणाऱ्यांची मंडळं आणि त्यांची मान्यता निराळी. आपल्याकडे तो परवानाच नाही, म्हणून ते तास इथे कुठल्या नोंदवहीत चढत नाहीत. सीआरईत तर नाहीच नाही.

अभ्यासक्रमात अर्धा भाग मेडिकेड (तिथली सरकारी आरोग्य योजना), हिपा (रुग्णांच्या माहितीच्या गुप्ततेचा कायदा) आणि तिथल्या कामगार कायद्यांचा असतो. तो सोडला की उरतं ते चांगलं असतं : कर्मचाऱ्यांची नियमित देखरेख-बैठक कशी घ्यायची, कार्यक्रमाचं मूल्यमापन, मंडळ आणि कार्यालय यांच्यातली हद्द. हे तीन विषय आपल्याकडे फार कमी शिकवले जातात. फुकट ऐकता आलं तर ऐका, डॉलर मोजू नका.

खतावणी
विश्वस्तांनाच ‘मंडळ आणि कार्यालय यांच्यातली हद्द’ हा भाग ऐकवा ;)

बिनसाखरेचा_चहा
हा मात्र कोर्स हवाच.

स्नेहलतागंज
लैंगिक छळ प्रतिबंध कायदा २०१३ राहिला. दहा किंवा जास्त कामगार असतील तर अंतर्गत समिती हवीच. समिती नसली तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तीन संस्थांची मिळून एक समिती चालत नाही, प्रत्येक मालकाची आणि प्रत्येक कार्यालयाची वेगळी. अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरची, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत, वर्षाला अहवाल.

प्रशिक्षण दोन थरांत घ्या. सगळ्या कर्मचाऱ्यांना एक तास, हिंदीतून, स्वयंपाकघर आणि रखवालदार धरून. त्यांना लिंक पाठवून काही होत नाही, प्रोजेक्टरवर एकत्र बसवा. समितीला चार तास, त्यात नमुना तक्रारीवर नोटीस, जबाब, अहवाल लिहून घ्यायचा. व्हिडिओच्या शेवटी दहा टिचक्या मारून मिळणारं प्रमाणपत्र समितीसाठी निरुपयोगी, जबाब कसा नोंदवायचा हे त्यात येतच नाही.

रजिस्टर_नं_४
एकच कॉम्प्युटर आहे म्हणालात, म्हणून झूमच्या हजेरीचं लिहिते, प्रमाणपत्रं इथेच अडकतात.

हजेरी लॉगिनवर लागते. दोघी एका कॉम्प्युटरसमोर बसल्या तर एकीचीच. दुसरीने मोबाइलवरून स्वतःच्या ईमेलने आत जायचं, मोबाइलचा आवाज आणि माइक दोन्ही बंद करून बाजूला ठेवायचा; नाहीतर शिट्टी वाजते आणि सगळे वैतागतात. नाव फॉर्ममध्ये जसं भरलं तसंच ठेवा, ‘रेडमी नोट’ या नावाने कुणाला प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

अभिप्रायाचा फॉर्म शेवटच्या दहा मिनिटांत चॅटमध्ये येतो. लाइट गेली, पुन्हा आत आलात, की आधीचं चॅट दिसत नाही. म्हणून सहा जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट ठेवा आणि ज्याला लिंक आधी दिसेल त्याने तिथे टाकायची. राउटरला छोटा यूपीएस लावा. कॉम्प्युटरचा इन्व्हर्टर चालू असतो आणि राउटर मात्र थेट भिंतीत खोचलेला असतो.

प्रमाणपत्राची पीडीएफ आली की त्याच दिवशी उतरवा. आयोजकांची ड्राइव्ह लिंक कायमची नसते. फाइलचं नाव वर्ष-महिना-विषय-पद असं, माणसाचं नाव शेवटी.

रामबाग_कोपरा
सगळं वाचून कच्चं वेळापत्रक केलं आहे, फोडून काढा.

एप्रिल-मे : हिशेबनिसांना काहीच नाही. सचिवाला इथल्या नोंदणी-कायद्याचं दोन तासांचं सत्र, सोसायटी आणि न्यास वेगळं.
जून : लैंगिक छळ प्रतिबंध, सगळ्या कर्मचाऱ्यांचा एक तास, समित्यांचे चार.
जुलै-ऑगस्ट : हिशेबनिसांना आठ आठवड्यांचा कोर्स. अधीक्षकांना बालन्याय आणि पोक्सो, प्रसंगांवरून.
सप्टेंबर-ऑक्टोबर : ऑडिट. फक्त मुख्याध्यापिकेचं सीआरई.
नोव्हेंबर : सीएचं दोन तासांचं सत्र, नवा आयकर कायदा.
जानेवारी-मार्च : वृद्धाश्रमाच्या अधीक्षकाला वृद्धसेवेचं प्रशिक्षण. बाकीच्यांचं जे राहिलं ते.

पैसे : परीक्षाशुल्क २,०००, सीए ५,०००, स्थानिक वकील ५,०००, समित्यांचं प्रशिक्षण ५,०००, मुख्याध्यापिकेच्या सीआरईला २,०००, हाताशी १,०००.

खतावणी
सीएचं सत्र नोव्हेंबरात उपयोगाचं नाही, तोवर विवरणपत्रं भरून झालेली असतात. जूनमध्ये आणा, आणि येताना सीएला मागच्या वर्षीचं ऑडिट-शेरापत्र आधी पाठवा. सामान्य व्याख्यान नको, तुमच्याच चुका त्याने समजावून सांगाव्यात. २,००० च्या वरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, हे पावत्या फाडणाऱ्या प्रत्येकाला त्याच सत्रात ऐकवा, फक्त हिशेबनिसांना नको.

पाळणा_ते_पाटी
बालन्यायाचं जुलैपर्यंत थांबवू नका. एप्रिलमध्ये घ्या, अधीक्षकांकडे तेव्हा हिशेबाची गडबड नसते. आणि रात्रपाळीच्या काळजीवाहकाला बसवा, रात्री ११ वाजता दार तोच उघडतो.

छप्पन_दुकान
वृद्धाश्रमासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेचे, म्हणजे एनआयएसडीचे, वृद्धसेवेचे कार्यक्रम बघा. त्यात ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा निर्वाहभत्ता कायदा येतो का तेवढं विचारून घ्या. मुलांनी सोडून दिलेल्यांचे अर्ज कुठे आणि कसे, हे अधीक्षकाला रोज लागतं. ज्येष्ठांची हेल्पलाइन एल्डरलाइन १४५६७ वृद्धाश्रमाच्या कार्यालयात भिंतीवर, मुलांची १०९८ बालगृहात. हे प्रशिक्षण नाही, पण प्रशिक्षणात कोणी सांगत नाही.

सत्ताईस_अठ्ठाईस
वकिलाला ५,००० देण्याआधी त्याला तिन्ही संस्थांची घटना आणि न्यासपत्र वाचायला पाठवा. सभेची गणसंख्या, नोटिशीचे दिवस हे तुमच्या घटनेत काय आहे त्यावर त्याने बोलावं. कायदा तो तसाही पाठ म्हणून दाखवेल.

रामबाग_कोपरा
दुरुस्त्या घातल्या. सीए जूनमध्ये, बालन्याय एप्रिलमध्ये, काळजीवाहक धरून. रजिस्टर आजच आणलं, आठ रकाने आखले. आठवा रकाना लगेच भरता आला नाही तर काय करायचं? कोर्स संपला त्याच दिवशी कार्यालयात काही बदललेलं नसतं.

रजिस्टर_नं_४
पेन्सिलीने महिन्यानंतरची तारीख टाका आणि त्या दिवशी विचारा. ‘पावतीबुकात पॅनचा रकाना छापून घेतला’ एवढं जरी असलं तरी चालेल, ‘ज्ञानात भर पडली’ चालणार नाही. तीन महिन्यांनीही रिकामा असेल तर तो कोर्स पुढच्या वर्षीच्या यादीतून खोडा.